हळू आवाजाचा तास

पोलीस प्रशिक्षण केंद्र
१८ नोव्हेंबर २०१८

संगितावहिनी,

पत्र बघून घाबरू नको. मी बरा आहे. इथे आमचे फोन जमा करून घेतलेत. रविवारी थोडा वेळ हातात देतात, पण मी लावला की सीमेवरच्या आपल्या वेवजी गावातला फोन गुजरातचं नेटवर्क पकडतो आणि एक बाई मला गुजरातीत काहीतरी समजावून ठेवून देते. म्हणून पत्र. दादाला लिहिलं असतं, पण तो कंपनीतून आला की जेवून झोपतो. आई-बाबांना वाचता येत नाही. म्हणजे राहिलीस तू.

परेड छान चाललीय. धावण्यात मी पुढे असतो. पण आता एक नवीनच विषय सुरू झालाय. माणूस चिडला, घाबरला किंवा जीव द्यायला निघाला तर त्याच्याशी बोलायचं कसं, हे शिकवतात. आधी खालच्या आवाजात, त्याला काय वाटतंय ते त्यालाच म्हणून दाखवायचं. त्याला आम्ही पोरं ‘हळू आवाजाचा तास’ म्हणतो. शिकवणाऱ्या मॅडम एवढ्याशा आहेत, पण त्या बोलायला लागल्या की मागच्या बाकावरचासुद्धा पुढे वाकतो.

परवा नाटक करायचं होतं. तुक्या नावाचा माझा मित्र आहे, त्याला मंचाच्या कडेला उभं केलं. तो नोकरी गेलेला माणूस, उडी मारणार. मी पोलीस. मी गेलो आणि म्हणालो, ‘ए, शांत हो!’ तर तुक्या दचकून खरंच खाली पडला. मंच गुडघ्याएवढाच होता म्हणून वाचला. सगळे हसले. पण मॅडम मला म्हणाल्या, ‘नविन, इतक्या वर्षांच्या नोकरीत असा आवाज मी ऐकला नव्हता.’ मला फार बरं वाटलं. बाबांना सांग, त्यांच्यासारखाच आवाज आहे, ताडाच्या शेंड्यावरून हाक मारली तर घरात ऐकू जाणारा.

तुझा दीर,
नविन

---

वेवजी
२ डिसेंबर २०१८

नविनभावजी,

तुमचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. मॅडमचं वाक्य ऐकून आई खूश झाल्या, त्यांनी शेजारच्या भिकीलाही जाऊन सांगितलं. पण तुमच्या-माझ्यात म्हणून सांगते, ती तारीफ नव्हती.

इकडे जमीन हलतेय. पेपरात आलं असेल. मध्येच गडगड होते आणि भांडी वाजायला लागतात. शाळा अंगणात भरते. आम्हीही अंगणातच झोपतो. आईंनी खाट मधोमध घेतलीय, म्हणजे भिंत पडली तर कोणत्याच बाजूने लागणार नाही म्हणे.

तुमच्या तासातलं मी घरात वापरून बघितलं. झालं असं, भिकीची कोंबडी आपल्या वालाच्या वाफ्यात शिरली. आई दांडकं घेऊन एका बाजूला, भिकी झाडू घेऊन दुसऱ्या बाजूला. मी मध्ये गेले, खालच्या आवाजात म्हणाले, ‘आई, तुम्हाला राग आलाय.’ आई म्हणाल्या, ‘हो.’ मग भिकीला म्हणाले, ‘भिकीकाकू, तुम्हालाही राग आलाय.’ ती म्हणाली, ‘हो.’ पुढचं काही तुम्ही लिहिलं नव्हतं, त्यामुळे मी तशीच उभी राहिले. दोघी पुन्हा सुरू झाल्या. कोंबडी तेवढ्यात निम्मा वाफा खाऊन गेली. तर पुढच्या पत्रात पुढचं लिहा, अर्ध्यावर सोडू नका.

बाबा बरे आहेत. पाय जरा मुरगळलाय आणि छातीवर खरचटलंय, पण काळजीचं कारण नाही.

तुमची वहिनी,
संगिता

---

पोलीस प्रशिक्षण केंद्र
१६ डिसेंबर २०१८

वहिनी,

आता मी अर्धा पोलीस आहे. पाय मुरगळलेल्या माणसाची छाती कशी खरचटते ते मला कळतं. बाबा ताडी काढताना ताडावरून घसरले. मागच्या वर्षीही त्यांच्या डोळ्यापुढे अंधारी आली होती. त्यांनी ते मला सांगितलं नव्हतं, आईने सांगितलं होतं. आता हे बंद.

खालचं दादाला मोठ्याने वाचून दाखव:

‘रविंद्रदादा, आपल्या दोन्ही ताडांच्या बुंध्याला बाभळीचे काटे बांध. बाबांचा कोयता आणि चढायचा दोर पेटीत घालून कुलूप लाव. बाबांनी यापुढे झाडावर चढायचं नाही. विषय संपला. नविन.’

झालं. आता तुझा अर्धा राहिलेला धडा. मॅडम सांगतात ते असं. गर्दी आधी लांब करायची. बोलायचं एकानेच. उभं राहून बोलायचं नाही, जमलं तर खाली बसायचं. ‘शांत हो’ म्हणायचं नाही, त्याने आजवर कोणी शांत झालेलं नाही. समोरच्याला काय वाटतंय ते म्हणायचं आणि मग त्याच्याबद्दल काहीतरी विचारायचं, असं की ज्याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येणार नाही. आणि विचारलं की आपण गप्प बसायचं. कितीही वेळ लागला तरी. हुकूम सोडायचे नाहीत.

तुक्याला हे सगळं जमतं. मला गप्प बसणं जमत नाही. आमची परीक्षा झाली. ती परत घेणार आहेत. सगळ्यांचीच.

नविन

---

वेवजी
६ जानेवारी २०१९

भावजी,

हुकूम सोडायचे नाहीत असं लिहिलेल्या कागदावरच वरती तुम्ही हुकूम सोडलाय, हे तुमच्या लक्षात आलं का?

पण मी वाचला. मोठ्याने वाच म्हणालात म्हणून मोठ्याने वाचला. बाबा ओट्यावर बसले होते. ऐकून घेतलं, उठले आणि बाहेर गेले. ह्यांनी काटे बांधले, पेटीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला लावून आता कंपनीत जातात. तेव्हापासून बाबा आमच्याशी बोलत नाहीत. भिकीच्या कुत्र्याशी बोलतात.

संगिता

---

वेवजी
१० फेब्रुवारी २०१९

भावजी,

हे पत्र बसून वाचा. आधीच सांगते, सगळे जिवंत आहेत.

मागच्या रविवारी सकाळी बाबा घरात नव्हते. चहा घेऊन मी अंगणात आले तर भिकीची हाक आली, ‘अगं संगिता, तुझा सासरा आमच्या ताडावर!’ तिच्या घरामागचा तो सगळ्यात उंच ताड तुम्हाला माहीत आहे. आपल्या झाडांना काटे, म्हणून बाबा तिच्या झाडावर गेले. कोयता आणि दोर कुठून आणला विचाराल, तर भिकीच्या नवऱ्याचा, भिकाचा. तो झोपला होता.

शेंड्यात, झावळ्यांच्या बेचक्यात बाबा बसलेले. ताडीची मडकी नाहीत, काही नाही. नुसते बसलेले.

अख्खा पाडा गोळा झाला. आई खालून म्हणाल्या, ‘उतरतोस का येऊ वर?’ ह्यांनी ओरडून ओरडून घसा बसवला. मग ह्यांना कल्पना सुचली. पाड्यातल्या काकड्याचा लग्नातला डीजे टेम्पोवर लावलेलाच होता, तो ताडाखाली आणला. हे माईक घेऊन म्हणाले, ‘बाबा, खाली या, आम्ही तुम्हाला काही बोलणार नाही.’ एवढ्यात काकड्याचा हात कुठेतरी लागला आणि नाचायचं गाणं सुरू झालं. बंद होईना. चार पोरं नाचायला लागली. वरून बाबांनी एक वाळकी झावळी तोडून टेम्पोवर टाकली. ती पडल्यावर गाणं बंद झालं.

भिकी म्हणाली, ‘म्हातारा जीव देणार.’ तेव्हा आई मटकन खाली बसल्या. तोपर्यंत मलाही हसू येत होतं, भावजी. आईंकडे बघितलं आणि ते थांबलं.

मी घरात जाऊन तुमचं पत्र आणलं. पाठ होतं, पण हातात असलेलं बरं वाटलं. सगळ्यांना आंब्यापलीकडे जायला सांगितलं. कोणी ऐकेना. म्हणून म्हणाले, ‘पोलिसांचं लेखी आलंय.’ कागद दाखवला. लगेच गेले. आता हे खोटं की खरं ते तुम्ही मॅडमना विचारा.

मी बुंध्याजवळ बसले. वर बघून मान दुखायला लागली. म्हणाले, ‘बाबा, तुम्हाला राग आलाय असं दिसतंय.’

‘एवढ्या लांबून तुला दिसतंय?’

मी गप्प.

‘रविंद्र गेला का?’

‘आंब्याखाली आहे.’

‘त्याला सांग, तो माईक गिळून टाक.’

मी सांगेन म्हणाले. पुन्हा गप्प बसले. गप्प बसणं किती अवघड आहे, तुम्ही खरं लिहिलंत. ओठ आतून चावून धरावे लागतात. आणि तेवढ्यात जमीन हलली. बारकाच धक्का, पण आंब्याखालची सगळी माणसं पळाली. भिकीची कोंबडी माझ्या डोक्यावरून उडाली. ताड झुलला. मी दोन्ही हातांनी बुंधा धरून बसले, जशी काही मीच तो पडू देणार नव्हते.

थांबल्यावर वरून आवाज आला, ‘बघितलं? तुमची जमीन हलते आणि मला म्हणता खाली ये. मी वर बरा आहे.’

मला हसू आवरेना. वर बाबाही हसले, झावळ्या हलल्यावरून कळलं. मग मी तुमच्या मॅडमसारखं विचारलं, ‘बाबा, या झाडावर पहिल्यांदा कधी चढलात?’

आणि गप्प बसले.

मग बाबा सुरू झाले. लग्नाच्या आधी भिकाच्या बापाने पैज लावली होती, हा हाल्या अर्ध्यातून परत येईल म्हणून. बाबा शेंड्यापर्यंत गेले. खाली पाण्याला जाणाऱ्या पोरींमध्ये आई होत्या. सगळ्या पोरी वर बघत होत्या, एकटी शुक्री बघत नव्हती, म्हणून तिलाच मागणी घातली म्हणे. आंब्याखालून आई ओरडल्या, ‘मी बघत होते!’ माझी सगळी गर्दी लांब ठेवण्याची मेहनत वाया. पण बाबांना ते ऐकून बरं वाटलं असावं.

मग म्हणाले, ‘अंधारी येते मला. मला माहीत नाय का? यंदा मीच सोडणार होतो. एकदा या झाडावर जाऊन येऊ म्हटलं, मग झालं. पण पोरगा पोस्टाने हुकूम धाडतो आणि सून वाचते. मला कोणी विचारलाच नाय.’

मी म्हणाले, ‘चुकलं बाबा. मी वाचायला नको होतं.’ मग विचारलं, ‘आता काय करावंसं वाटतंय?’

‘उतरावंसं वाटतंय.’

‘मग?’

‘मग काय? गुडघे धरलेत. पाय हलत नाय. मघापासून तेच सांगायचंय, तुम्ही कोणी सांगू देता का? तो ओरडतो, ती शिव्या घालते, त्याचा बाजा वाजतो. चार माणसांत कसा सांगू, की हाल्याला ताडावरून उतरता येत नाय?’

भावजी, मी आधी रडले की आधी हसले, मला आठवत नाही. म्हातारा रुसला नव्हता, जीव द्यायला निघाला नव्हता. अडकला होता! आणि आम्ही सगळे खालून त्याला समजावत होतो.

भिकाला उठवलं. तो वर गेला, बाबांच्या छातीखालून दोर घातला आणि हळूहळू दोघं आले. बाबा जमिनीला लागले तेव्हा आईंनी त्यांना आधी एक धपाटा घातला, मग पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः आपल्या ताडांचे काटे सोडले आणि दोन्ही झाडं ताडी काढायला भिकाला वाट्याने दिली. सकाळी ते खाली उभे राहून त्याला सूचना करतात. भिका म्हणतो, त्यापेक्षा म्हातारा वर होता तेच बरं होतं.

संगिता

ता. क. बाबा सांगतायत तसं लिहिते: ‘नविन, मी बरा हाय. तू ओरडून बोलतोस ते माझ्यामुळे, त्याचा मला राग नाय. पण झाडावर चढलेला माणूस आधी चढलेला असतो, आणि मग कधी कधी त्याला उतरता येत नाय. हे तुझ्या बाईला सांग. तिच्या पुस्तकात नसेल तर घालून घे म्हणावं. हाल्या.’

---

पोलीस प्रशिक्षण केंद्र
२४ फेब्रुवारी २०१९

वहिनी,

तुझं पत्र मी बसून वाचलं आणि नंतर बराच वेळ उठलोच नाही. तुक्याने विचारलं, घरी काही झालं का. मी म्हटलं, झालं आणि मिटलंही, माझ्याशिवाय.

बाबांना सांग की नविन चुकला. वाचून दाखवू नको, जवळ बसून सांग. मला त्यांच्या पडण्याची भीती वाटली होती, ती मी पत्रात लिहिलीच नाही. नुसता हुकूम लिहिला.

आणि परीक्षा सगळ्यांची परत नव्हती. माझ्या एकट्याचीच होती. पुन्हा नापास झालो असतो तर घरी काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं, तेही खोटंच होतं.

ती परीक्षा परवा झाली. मॅडम स्वतः खोलीत गेल्या, आतून कडी लावली. नाटकात त्या घरात कोंडून घेतलेली चिडलेली बाई. आत भांडी आपटायला लागल्या. मी दाराबाहेर जमिनीवर बसलो. सगळे नियम डोक्यात गर्दी करत होते. आणि मला तुझ्या पत्रातले बाबा आठवले. मी विचारलं, ‘ताई, दार तुम्हाला उघडता येतंय का?’

आत भांडी वाजायची थांबली. मग मॅडमचा खरा आवाज आला, ‘नविन, कडी खरंच अडकलीय. मघापासून ओढतेय.’

शिपाई बोलावून दार काढावं लागलं. बाहेर आल्यावर मॅडम घामाघूम होत्या. म्हणाल्या, ‘याआधी कोणी विचारलं नव्हतं.’ मी पास झालो. त्यांना बाबांचा निरोप दिला. त्यांनी बाबांचं नाव विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तासाला फळ्यावर लिहिलं: आधी विचारा, अडकलाय का. खाली लिहिलं: हाल्या, वेवजी. अख्खी तुकडी समजते की हा कोणी मोठा परदेशी विद्वान आहे. मी सांगितलं नाही.

नविन

---

डहाणू
३० जून २०१९

वहिनी,

फोन करता आला असता, आता फोन माझ्याकडेच असतो. पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

इथल्या ठाण्यावर रुजू झाल्यावरची माझी पहिली कामगिरी झाली. बुधवारी मासळी बाजारात भांडण लागलं. एक विठाबाई, वयाने मोठी, बोंबील विकते. दुसरी हिना, तिच्या शेजारी बसते. सकाळी हिनाने आपली टोपली चार बोटं पुढे सरकवली, गिऱ्हाईक आधी तिच्याकडे वळावं म्हणून. एवढ्यावरून दोघींच्या हातात मासे कापायच्या सुऱ्या. गर्दी अशी की वरिष्ठ हवालदारांनी मला ढकलून पुढे केलं, ‘जा, तू ताजा शिकून आलायस.’

हसू नको, पण सुरी खरी होती, वहिनी. तुक्या नव्हता समोर.

मी अंतर राखून उभा राहिलो. खालच्या आवाजात म्हणालो, ‘मावशी, तुम्हाला राग आलाय.’ विठाबाई म्हणाली, ‘तू कोण रं?’ हिना म्हणाली, ‘मेल्या, हिला मावशी आणि मला कोण?’ म्हटलं आता खाली बसू. मागे बघितलं नाही आणि बसलो.

बसलो तो विठाबाईच्या ओल्या बोंबलांच्या टोपलीत.

हिना किंचाळली, ‘अगं विठाबाई, बघ काय केलं या मेल्याने तुझ्या बोंबलांचं!’ विठाबाईने सुरी पाटावर टाकली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. त्यानंतर दोघींनी मिळून मला जे काही ऐकवलं ते पत्रात लिहिता येणार नाही. काही शब्द मला समजलेसुद्धा नाहीत, त्यासाठी मला दोन पिढ्या किनाऱ्यावर राहावं लागेल. मी गप्प बसलो. टोपलीतून उठायचं कसं तेही कळत नव्हतं.

शेवटी दोघींनी एकेक हात धरून मला ओढून काढलं. हिनाने स्वतःच्या मडक्यातलं पाणी ओतून माझी पाठ धुतली. बोंबलाचा चिकटा विजारीवरून निघेना, म्हणून विठाबाईने कोणाकडून तरी लिंबू आणवलं. तोवर हिनाची टोपली मागे गेली होती. कोणी सरकवली ते मी बघितलं नाही.

हवालदारसाहेब आले. म्हणाले, ‘मिटलं? तू काय सांगितलंस त्यांना?’

मी म्हटलं, ‘काही नाही साहेब. बसलो.’

त्यांनी माझ्या विजारीकडे बघितलं. मग निघताना विठाबाईने त्यांना मागून हाक मारली, ‘ओ साहेब, पुढच्या वेळीही ह्यालाच पाठवा! दुसरे येतात ते ओरडतात. ह्यो नुसता बसतो.’

नविन